आठ दारांच्या पाटाची आणि यंत्राच्या घंटेची बखर

श्री जलदेवता प्रसन्न असो, आणि वाचणाऱ्याचे चित्त शांत व बोटे सावध असोत. शके एकोणीसशे नऊ, प्रभव नाम संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध तृतीया, ते दिवशी राज्यात पाणी सोडणारे यंत्र बसले, तेथून हे वर्तमान सुरू जाहाले.

राज्य लहान. एक धरण, त्याचा एक पाट, आणि पाटावर आठ गावांची आठ दारे. तीस वर्षे ती दारे सटवाजी पाटकरी हाताने उघडीत आले होते. प्रत्येक गावास एक दिवस पाणी, ऐशी आठ दिवसांची पाळी असे. मग जलखात्याचे कारभारी हैबतराव यांनी दूर देशीहून यंत्र आणविले, आणि यंत्रास आज्ञा लिहून देण्यास द्वारकाबाई भोगले यांस नेमिले. द्वारकाबाईंचे वय बावीस, हस्ताक्षर वळणदार, आणि हे त्यांचे पहिलेच काम. यंत्रासोबत जाडजूड माहितीपुस्तक आले होते, परंतु ते मळेल म्हणून हैबतरावांनी कपाटात कुलूपबंद ठेविले. मग द्वारकाबाईंनी आपल्या बुद्धीने आठ गावांची यादी लिहिली. धरणालगतची निंबारी पहिली, ओढ्यापाशी वसलेली टेंभी शेवटची. आणि खाली आज्ञा लिहिली, जीस हल्लीची मुले लूप म्हणतात आणि तेव्हा फेरा म्हणत, ती ऐशी की क्रमांक एकापासून आठापर्यंत जावे, ज्या गावाचा क्रमांक येईल त्याचे दार एक दिवस उघडावे, मग लावून पुढे जावे.

यंत्र चालू जाहाले, दारे आपोआप उघडू लागली, आणि आठव्या दिवशी सकाळी यंत्राने मोठ्याने घंटा वाजविली व कागदाची एक चिठ्ठी बाहेर टाकिली. हैबतराव म्हणाले, "पाळी फत्ते! आठ दिवसांचं काम सात दिवसांत!" आणि त्यांनी कचेरीत पेढे वाटिले. चिठ्ठी कोणी वाचिली नाही, तीत पेढे बांधिले. पुढील पाळीस तैसेच जाहाले. सातच दिवस, मग घंटा, मग पेढे.

इतक्यात निंबारीची पाटलीण गोजराबाई दरबारी आल्या आणि पदर खोचून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "सरकार, दोन पाळ्या गेल्या, आमच्या दारात थेंब न्हाई. धरणाच्या उशाला आम्ही, अन् आमचाच गहू पिवळा पडला. आता तिसरी पाळी चुकली तर वैरण म्हणून कापायचा."

सरकारांनी हैबतरावांकडे पाहिले. हैबतराव म्हणाले, "यंत्र चुकत नाही, महाराज. काम संपलं की घंटा देतं. चुकतात माणसं. आणि निंबारीच्या पुढचं गाव देवठाण, तिथं सटवाजीची लेक दिली आहे. आता तुम्हीच काय ते समजा."

सटवाजी हात जोडून एवढेच म्हणाले, "दाराला माझा हात लागून पंधरा दिवस झाले, सरकार." परंतु ते कोणास पटले नाही. आणि सरकारांनी निवाडा दिला की उद्यापासून तिसरी पाळी, तीत निंबारी कोरडी राहिली तर सटवाजीने पाटावरची चौकी सोडून जावे.

द्वारकाबाई मागील रांगेत उभ्या होत्या. काय चुकले हेच त्यांस ठाऊक नव्हते. त्या कचेरीत आल्या, पेढ्याचा कागद उलगडिला, आणि तुपाच्या डागाखाली अक्षरे वाचिली, ती ऐशी: "क्रमांक आठ, यादीबाहेर." गावे आठ, तर आठ हा क्रमांक यादीबाहेर कैसा? त्यांनी यादी तीन वेळा मोजिली. तीन वेळा आठच भरली. मग त्या दुपारच्या उन्हात पाटावर गेल्या आणि सटवाजींस म्हणाल्या, "बाबा, तुम्ही दारं कशी मोजत होता?"

सटवाजी चौकीतली भांडी पोत्यात भरीत होते. ते म्हणाले, "दारं कोण मोजतंय, ताई? मी मागं किती टाकली ते मोजतो. धरणापाशी उभा ऱ्हायलो की मागं काय न्हाई. म्हणून निंबारी शून्य. तिथनं फुडं आलो, एक मागं पडलं, ते देवठाण."

"मग टेंभी?"

"सात मागं टाकली की टेंभी."

"आणि आठ मागं टाकली तर?"

"तर वढ्यात पडाल! तिथं कुठलं दार? आत पडलेला माणूस बोंब ठोकंल."

द्वारकाबाई बांधावरच बसल्या. म्हणाल्या, "बाबा, यंत्रसुद्धा बोंबच ठोकतंय. ते तुमच्यासारखंच मोजतं. माझ्या एकाला ते देवठाण समजलं, आणि माझ्या आठाला ओढ्यात पडलं. आणि आम्ही पेढे वाटले!"

"मग आता?" सटवाजींनी पुसिले.

"आता सरकारांना सांगते."

"नोकरी जाईल की, पोरी."

"तुमची चौकी जाते त्यापेक्षा ते बरं."

आणि त्या तैशाच धुळीच्या पायांनी दरबारी गेल्या व सर्वांदेखत म्हणाल्या, "सरकार, सटवाजींचा दोष नाही. आज्ञा मी लिहिली, आणि ती चुकली." हैबतरावांचे तोंड उतरले. सरकार म्हणाले, "दुरुस्त करा. मग तुमचं काय ते पाहू."

द्वारकाबाईंनी एकाच्या जागी शून्य लिहिले. दुसरे दिवशी निंबारीचे दार उघडले आणि गोजराबाईंनी पाण्यास हळदकुंकू वाहिले. परंतु घाईत शेवटचा आठ तैसाच राहिला, आणि नवव्या दिवशी सकाळी पुन्हा घंटा. हैबतराव "पेढे!" म्हणून उठले, तो द्वारकाबाई म्हणाल्या, "बसा, रावसाहेब. ती बोंब आहे." मग त्यांनी लिहिले की शून्यापासून निघावे आणि आठाच्या अलीकडे थांबावे. चौथी पाळी आठ दिवस चालिली, आणि नवव्या दिवशी काहीच वाजले नाही. सरकार बेचैन जाहाले. म्हणाले, "घंटा नाही, तर पाळी पुरी झाली कशावरून?" तेव्हा गोजराबाई म्हणाल्या, "सरकार, पायतान काढा अन् आठही गावच्या वावरात चाला." सरकार चालले, आणि सांजवेळी परत आले ते गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेले व फार संतुष्ट.

पुढे निंबारीचा गहू निम्मा वाचला, निम्मा वैरणीस गेला. गोजराबाईंनी आपल्या दारी दगड रोविला व त्यावर शून्य कोरविले, आणि निंबारीचे लोक आजही ते मिरवितात. हैबतरावांनी निवृत्त होताना ती घंटा मागून नेली, व त्यांच्या घरी ती जेवणाची पाने मांडिल्यावर वाजत असे. माहितीपुस्तकाचे कपाट उघडिले तेव्हा आत वाळवी निघाली. सटवाजी चौकीतच राहिले आणि तेथेच वारले. द्वारकाबाईंची नोकरी राहिली. त्यांनी पुढे तीस वर्षे यंत्रास आज्ञा लिहिणे शिकविले, आणि नवी मुले आली की पहिल्या दिवशी यंत्रापुढे न बसविता पाटावर नेत, धरणापाशी उभी करीत आणि पुसत, "मागं किती टाकली?"

तात्पर्य, यादीत नावे आठ असता क्रमांक शून्य ते सात, आणि यंत्र ओरडले तर आधी चिठ्ठी वाचावी. इतके वर्तमान जैसे घडले तैसे लिहिले.