न उघडलेल्या खोक्याचा अहवाल

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. तयार शैक्षणिक साहित्य ह्या प्रकाराबद्दल माझ्याइतकं अधिकारवाणीनं बोलू शकेल असा माणूस उभ्या पुण्यात नाही! एकतीस वर्षं मी नारायण पेठेतल्या एका मराठी शाळेत आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवतोय आणि ह्या एकतीस वर्षांत विकतचा एक कागद वर्गात नेलेला नाही. माझे स्वाध्याय माझ्या हातचे. मोजून एकशे बारा कागद! उतारे माझे, प्रश्न माझे, उत्तरं माझी, चित्रंसुद्धा माझीच. माझ्या चित्रातली म्हैस आणि मोटार मुलांना वेगवेगळी ओळखता येत नाही हे मला मान्य आहे. पण म्हैस स्वतःची आहे!

तर गेल्या जूनमध्ये आमचे पर्यवेक्षक निवृत्त झाले आणि त्यांची खुर्ची रिकामी झाली. ज्येष्ठतेनं ती माझी. मला निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. माझ्या मागून आलेले चार जण ह्या ना त्या शाळेत माझ्या पुढे गेले होते आणि नावाखाली 'सहशिक्षक' एवढंच लिहून घरी जायची मला मनापासून लाज वाटत होती. खोटं कशाला सांगू? ती खुर्ची मला हवी होती. फार हवी होती.

पण आमच्या संस्थेचे कार्यवाह अभयराव म्हणजे निवृत्त इंजिनिअर. जन्मभर पूल बांधले, त्यामुळे सरळ रस्ता दिसला की त्यांना चैन पडत नाही. ते म्हणाले, "ज्येष्ठता ठीक आहे हो, योग्यताही बघू." आणि माझ्या नावाखाली दुसरं नाव लिहिलं, ऋतुजा. ही आमच्याच शाळेतली इंग्रजीची दुसरी शिक्षिका. नोकरीला बारा वर्षं झालेली आणि त्याआधी माझीच विद्यार्थिनी!

मग एका शुक्रवारी अभयरावांनी मला बोलावलं. टेबलावर दोन खोकी. एक लाल, एक निळं.

"आठल्ये, इंग्रजीसाठी तयार साहित्याचा एक संच घ्यायचाय. दोन कंपन्यांचे नमुने आलेत. सगळं त्यात आहे म्हणे, धड्याचं टाचण, स्वाध्याय, तक्ते, उत्तरं. कुठला घ्यावा, सोमवारी लेखी अहवाल द्या. पर्यवेक्षकाचं कामच ते. बघू कसं जमतंय."

"जमतंय म्हणजे? डाव्या हातानं लिहितो!"

"उजव्यानं लिहिलात तरी चालेल," अभयराव म्हणाले.

दोन्ही खोकी रिक्षात घालून घरी आणली. रविवारी सकाळी चहा झाल्यावर कागद पुढे ओढला आणि सुरुवात केली. आमच्या हिनं डोकावून पाहिलं.

"अहो, खोकी उघडली नाहीत अजून?"

"कशाला उघडायची?"

"लिहिताय ना त्यांच्यावर?"

"एकतीस वर्षं शिकवतोय मी! लोक शितावरून भाताची परीक्षा करतात, मी नुसत्या वासावरून करतो."

"वासाला तरी पातेल्याचं झाकण काढावं लागतं," ही म्हणाली आणि आत गेली.

आता तुम्ही म्हणाल, आठल्ये सर, हे काही बरोबर नाही. एक म्हणजे खोक्यांवर कागद चिकटवलेला होता, सील तुटल्यास नमुना परत घेतला जाणार नाही. आणि दुसरं म्हणजे आमच्याकडे पद्धतच ही आहे! उद्या वर्गात काय शिकवणार त्याचं टाचण आम्ही रोज वहीत लिहायचं, आणि मुख्याध्यापिका कुसुमबाईंनी महिन्याच्या शेवटी तीसच्या तीस पानांवर एका बैठकीत सह्या ठोकायच्या. एकदा मी मुद्दाम मधल्या पानावर आंब्याच्या लोणच्याची कृती लिहिली होती. 'उत्तम. अंमलबजावणी व्हावी', असा शेरा आला! ग्रंथालयात पुस्तकं आली, 'पाहिली, योग्य आहेत'. प्रयोगशाळेत बरण्या आल्या, 'पाहिल्या, योग्य आहेत'. बरण्यांचं पार्सल त्या वेळी स्वारगेटलाच अडकलेलं होतं! मग एकट्या मीच खोकी उघडायचा मक्ता घेतलाय का?

अहवाल म्हटला की एक चांगलं आणि एक वाईट हवं. दोन्ही वाईट म्हटलं तर आपण किरकिरे ठरतो, दोन्ही चांगली म्हटलं तर विकले गेलो असं वाटतं. निळ्या खोक्यावर काही चित्र नव्हतं, ते गंभीर वाटलं. लाल खोक्यावर एक गोरा पोरगा दात काढून हसत होता. दहावीच्या वर्गात इतकं हसणारं मूल मी अजून पाहिलेलं नाही. ठरलं! निळं चांगलं, लाल वाईट.

निळ्याला मी एक परिच्छेद दिला. 'अभ्यासपूर्ण. आपल्या विद्यार्थ्यांच्या अनुभवविश्वाशी निगडित.' लालला साडेचार पानं! हात असा काही सुटला म्हणता! 'ह्या संचाचा कर्ता जन्मात वर्गात उभा राहिलेला नाही.' 'त्याला मुलं कळत नाहीत, आणि इंग्रजी तो ऐकून असावा.' 'अशा माणसाच्या हाती खडू देणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत.' शेवटी टोला, 'असे लोक शिक्षणात शिरतात म्हणून पिढ्या बरबाद होतात.' सोमवारी खोक्यांसकट अहवाल दिला. अभयरावांनी उभ्याउभ्या वाचला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघून मान डोलावली. मंगळवारी निळ्या संचाची ऑर्डर गेलीसुद्धा! हिनं तिच्या भावाला फोन करून सांगितलं, "ह्यांचं आता झाल्यासारखंच आहे."

शनिवारी दुपारी शाळा समितीची बैठक. कार्यालयात अभयराव, कुसुमबाई, मी आणि टिपण घ्यायला ऋतुजा. विषय एकच, पर्यवेक्षक. पण त्याआधी अभयरावांनी माझा अहवाल मोठ्यानं वाचून दाखवला. कोलितापाशी कुसुमबाई खुदकन हसल्या. मी नम्रपणे छताच्या पंख्याकडे पाहिलं.

"भाषा आहे हो आठल्ये तुमच्याकडे!" अभयराव म्हणाले. "आता मला राहवत नाही. इतकी वाईट वस्तू एकदा डोळ्यांनी बघू द्या. कंपनीला पत्र लिहीन म्हणतो. ऋतुजा, कात्री आण."

ऋतुजानं लाल खोक्याचं सील कापलं. आतून गुळगुळीत रंगीत कागदांचा गठ्ठा निघाला. कुसुमबाईंनी वरचा कागद उचलला, चष्मा नाकावर सरकवला आणि वाचायला लागल्या. वाचता वाचता हसायलाच लागल्या!

"अहो, हे छान आहे की! मिस्टर ब्राउन नावाचा माणूस आहे आणि त्यानं दारावर पाटी लावलीय. 'येथे पत्ता विचारू नये. आम्ही इथे राहतो, चौकशीची खिडकी चालवत नाही.' आता मुलांनी हीच पाटी सभ्य इंग्रजीत लिहायची! काय सुरेख कल्पना!"

ब्राउन कसला? तो माझा दामले होता! ती पाटी मी लिहिली होती! माझा स्वाध्याय क्रमांक एकोणचाळीस!

मी झडप घालून गठ्ठा ओढला. पानं उलटतोय तर काय! सगळं माझं! माझ्या गंधारचा केव्हिन केला होता. माझी येरवड्याची मावशी आंट मार्गारेट झाली होती. माझ्या म्हशीच्या जागी एक गुबगुबीत गाय उभी होती, आणि ती गायच दिसत होती! लॉकडाऊनमध्ये मी माझे एकशे बारा कागद स्कॅन करून शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकले होते. वर लिहिलं होतं, 'जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा.' पोहोचवले की लेकाच्यांनी!

"कल्पना खरंच चांगली आहे," अभयराव दुसरा कागद वाचत म्हणाले. "ज्यानं लिहिलंय त्याला मुलं चांगली कळतात."

आता सांगा, अशा वेळी माणूस गप्प बसेल? एकतीस वर्षांत माझ्या कागदांना कुणी चांगलं म्हटलं नव्हतं.

"मी लिहिलंय!" मी ओरडलो.

"काय?"

"हे सगळं! चोरलंय माझं! हे माझे स्वाध्याय आहेत!"

अभयरावांनी हातातला कागद खाली ठेवला, अहवाल उचलला, आणि शांतपणे वाचलं, "'ह्या संचाचा कर्ता जन्मात वर्गात उभा राहिलेला नाही.' म्हणजे आपणच का ते?"

"अहो, तसं नाही..."

"पुरावा काय, पण?"

पुरावा! नावं बदललेली, चित्रं बदललेली, अक्षर छापील. मग एकदम आठवलं. "स्वाध्याय सतरा काढा! बसचं वेळापत्रक! मुलगा घरातून आठ दहाला निघतो, थांब्यापर्यंत दहा मिनिटं चालतो, तर त्याला कुठली बस मिळेल? उत्तरात आठ पंधरा दिलंय का बघा!"

कुसुमबाईंनी पाहिलं. "हो, आठ पंधरा. पण तो तर थांब्यावर आठ वीसला पोहोचेल ना? मग आठ पंचवीसची."

"तेच तर! ती चूक आहे! माझी चूक आहे ती!" मी छाती ठोकून सांगितलं. भामट्यांनी माझं सगळं बदललं होतं, चूक तेवढी जशीच्या तशी जपली होती!

"सरांचंच आहे हे," ऋतुजा हळूच म्हणाली. पोरगी गुणी हो! माझ्या बाजूनं बोलत होती. "मला हा कागद दहावीत होता. मी आठ पंचवीस लिहिलं होतं. सरांनी चूक दिली. मी विचारायला गेले तर म्हणाले, उत्तरसूचीशी वाद घालायचा नाही."



"बरं, आपलंच आहे हे मान्य," अभयराव म्हणाले. "मग अहवाल लिहिताना आपल्याला हे ओळखू कसं आलं नाही?"

"त्याचं काय झालं..."

"सील तर आत्ता ह्या मुलीनं कापलं. माझ्यासमोर."

मी पंख्याकडे पाहिलं. ह्या वेळी नम्रपणे नाही.

"आठल्ये, आता हिशेब सोपा आहे. अहवाल खरा असेल तर आपल्याला शिकवता येत नाही. कागद चांगले असतील तर आपल्याला पारखता येत नाही. पर्यवेक्षकाला दोन्हीपैकी एक तरी यावं, एवढीच माझी अपेक्षा होती." आणि ऋतुजाकडे वळून म्हणाले, "टिपण तुझ्याच नावाचं आहे, म्हणून लाजू नकोस. लिही."

मी हात जोडले. खरंच जोडले. "अभयराव, निदान हा लाल संच तरी घ्या! माझा आहे हो तो!"

"कसा घेणार? आपल्या अहवालावरून निळ्याची ऑर्डर गेली. ते परत घेत नाहीत. आणि आपला अहवाल मंजूर झालाय, एकमतानं. तेव्हा लाल संचातलं साहित्य ह्या शाळेत कुणीही वापरायचं नाही, असा ठरावही त्यातच आलाय."

"माझं माझ्या हातचं साहित्यसुद्धा?"

"साडेचार पानांत आपणच एवढं पटवून दिलंत. आता आम्ही काय करणार?"

घरी आलो. हिनं दारातच विचारलं, "झालं?" मी म्हटलं, "झालं. ऋतुजाचं." तिनं ताट वाढलं. भावाला फोन मात्र मलाच करायला लावला.

जुलैत निळा संच आला. पहिला धडा नववी ब च्या वर्गात. मागच्या बाकावर नव्या पर्यवेक्षिका ऋतुजा मॅडम वही घेऊन माझा तास बघायला बसलेल्या. मी खोकं उघडलं, आयुष्यात पहिल्यांदा, आणि कागद वाटले. धडा होता, 'ड्राइव्हवेवरचा बर्फ कसा काढावा.'

"सर, ड्राइव्हवे म्हणजे?" सोनूनं विचारलं.

"घरापासून रस्त्यापर्यंतची मोकळी जागा."

"आमच्याकडे तशी जागाच नाही, सर. दार उघडलं की डायरेक्ट रस्ता."

"कल्पना कर!"

"सर, मग काढलेला बर्फ टाकायचा कुठं?" अवनीनं विचारलं.

"समोरच्याच्या दारात!" सोनू ओरडला, आणि अख्खा वर्ग बाकं बडवायला लागला. ज्या साहित्याला मी 'आपल्या विद्यार्थ्यांच्या अनुभवविश्वाशी निगडित' म्हटलं होतं ते हेच! चाळीस मिनिटं मी त्या बर्फात फावडं मारत उभा होतो. घाम फुटला!

घंटा झाली. मुलं गेली. ऋतुजा वही मिटून पुढे आली. माझा जीव वहीतल्या शेऱ्यात अडकलेला. दोन वर्षं हिच्याच सहीवर काढायची होती.

"शेरा लिहिलास?" मी विचारलं. मग म्हटलं, "लिहिलात?"

"अजून नाही, सर," ती अगदी आदरानं म्हणाली. "आणखी दोन तास बसेन म्हणते. आपल्यासारखं बघितल्याशिवाय लिहिणं मला काही जमत नाही."

वाईट वाटलं. राग तर आलाच. पण खरं सांगू का, एकतीस वर्षांत माझा तास पहिल्यापासून शेवटपर्यंत बसून बघणारी ती पहिलीच!