‘लाईन’ या शब्दाचं मूळ आणि धोंडीबाईचा अर्ज

ज्याला शब्दाचा एकच अर्थ ठाऊक असतो, त्याची कामं वेळेवर होतात. मला अनेक ठाऊक असतात, म्हणून धोंडीबाईच्या पत्राला उत्तर गेलं नाही.

धोंडीबाई खर्डीच्या वरच्या अंगाला पाड्यावर राहते. पत्र तिची सून योगिनी हिने लिहिलेलं. “मास्तर, पाड्यावर खांब आले, लाईन नाय. खांबाला बकऱ्या बांधतो. रातचा इंचू दिसत नाय, पाय पडतो. तुमी शिकलेले. शहापूरच्या साहेबाला अर्ज करा.” (मी मास्तर नव्हे, वाचनालयात कारकून होतो. पण खुलासा करायला धीर लागतो.)

अर्ज शुद्ध मराठीत असावा, ही कार्यालयीन शिस्त. तेव्हा प्रथम ‘लाईन’ म्हणजे काय, हे ठरवणं भाग होतं. शहापुरात लाईन जाते, म्हणजे वीज जाते. रेशनला लाईन लागते. आटगावहून कसाऱ्याकडे रेल्वे जाते तीही लाईन. नाक्यावर पोरं लाईन मारतात (अनुभव नाही, ऐकीव). पोराला लाईनीला लावणं म्हणजे नोकरी, लाईनीवर आणणं म्हणजे मार. माझ्या सर्वेक्षणानुसार (सर्वेक्षणात मी एकटाच होतो) यातले बहुसंख्य अर्थ धोंडीबाईला लागू पडत नव्हते. पण निष्कर्ष घाईने काढू नये.

मग मूळ शोधलं. त्यात पावसाळा गेला. शब्द निघाला लॅटिन. मूळ अर्थ, जवसाच्या वाखाचा दोरा. म्हणजे काटेकोरपणे पाहता धोंडीबाईने वीजवाल्यांकडे जवसाचा दोरा मागितला होता. अशा अर्जाखाली मी सही कशी करणार?

बाजाराच्या दिवशी योगिनी दारात आली. “काका, अर्ज गेला का?”

“मूळ सापडलं. जवस.”

तिने नीट ऐकून घेतलं. “आमी नागली, वरई लावतो. या वर्साला जवस लावू. त्याला बल्ब कधी धरतील?”

मी चष्मा पुसला.

“सासूबायला परवा इंचू चावला. पाय सुजलाय. इचारत होती, मास्तर बरे हायत ना?”

त्याच दुपारी एका वाक्यात अर्ज लिहिला: ‘पाड्यावर लाईन नाही, ती द्यावी.’ शुद्धलेखन पुन्हा पुन्हा तपासलं आणि पोस्टाच्या पेटीत टाकला. (विजेचं कार्यालय माझ्यापासून चार घरं पलीकडे आहे, पण तिथे बोलावं लागतं.)

पाकीट आत पडल्यावर आठवलं, पाड्याचं नाव लिहायचं राहिलं. वाचकांनी हसू नये. वर पुन्हा पाहा. जवस तुमच्या नीट लक्षात आहे. पाड्याचं नाव तुम्हीही विचारलं नव्हतं.