गजूदादांचा स्मोकर

भिवंडीत धूर कमी पडतो, अशी तक्रार मी आजवर कोणाकडून ऐकलेली नाही. आमच्या कोनच्या रस्त्यावर तर कंटेनरवाले तो घरपोच देतात. तरीही माझे शेजारी गजानन भोईर, म्हणजे गजूदादा, यांनी स्वतःचा खासगी धूर काढायला घेतला. आमच्या दोन घरांमध्ये फक्त एक कुंपण आहे आणि धूर कुंपण मानत नाही.

"स्मोकर बनवतंय," एका सकाळी त्यांनी जाहीर केलं.

"दादा, बिडी तर तुम्ही सोडली होतीत ना?"

त्यांनी एखाद्या अडाण्याकडे पाहावं तसं माझ्याकडे पाहिलं. मी शाळेत मास्तर आहे.

"मशीन हाय ती, मास्तर. मटन विस्तवावं ठेवाचा न्हाय, नुस्त्या धुरान शिजवाचा. आठ तास."

"कुकरमध्ये अर्ध्या तासात होतं."

"कुकरला मोजमाप न्हाय!"

मोजमाप हा दादांचा लाडका शब्द. आयुष्यभर ते पॉवरलूमचे जॉबर होते, बिघडलेला लूम दुरुस्त करणारे. लूम भंगारात गेले, दादा घरी बसले आणि त्यांचं मोजमाप बेकार झालं. अशात मोबाइलवर कुठल्याशा परदेशी दाढीवाल्याचा व्हिडिओ त्यांना दिसला. त्याची भाषा कळली नाही, त्यामुळे आत्मविश्वास वाढला.

वडप्याच्या गोदामातून एक रिकामा लोखंडी ड्रम आला. त्याला चिकटून लाकडं जाळायची पेटी, मध्ये धुराला वाट आणि दुसऱ्या टोकाला चिमणी, असा नकाशा दादांनी खडूने भिंतीवर काढला. भिंत अर्थातच माझी. वेल्डर शकीलभाई तो नकाशा बराच वेळ पाहत राहिले.

"दादा, इसको पटरी पे चलाना है क्या?"

"तू वेल्डिंग मार. मोजमाप माजा हाय."

पहिल्या मॉडेलमधून कोंबडी निघाली ती बाहेरून कोळसा आणि आतून जवळजवळ जिवंत. ड्रमला दादांनी तापाचं थर्मामीटर बांधलं होतं, ते वितळलं. दुसऱ्या मॉडेलमध्ये धुराने चिमणी सोडून बाकी सगळ्या फटींतून बाहेर पडणं पसंत केलं. तिसरं अप्रतिम चाललं. आठ तासांनी झाकण उघडल्यावर कळलं की आत मटण ठेवायचं राहिलं होतं.

इकडे माझ्या शर्टांना कायमचा वास लागला. वर्गात शिरलो की मुलं विचारायची, "सर, आज काय बेत?"

मग एका रविवारी आमच्याकडे धूर आलाच नाही. इतक्या दिवसांच्या सवयीने मला चैन पडेना. कुंपण ओलांडून गेलो, तर चिमणीला नवा पाइप जोडून दादांनी तो थेट स्वतःच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत सोडला होता. आत सुमनवहिनी शांत बसलेल्या.

"दादा, वहिनींना पण धुरावर शिजवताय का?"

दादा हसले नाहीत. मला अंगणाच्या टोकाला घेऊन गेले.

"हिला वास येत न्हाय, मास्तर. मागं मोठा ताप आलता ना, तवापासून. दूध करपला तरी समजत न्हाय. डाक्टर बोलला, रोज येगयेगला वास द्या. लवंग देली, कापूर देला. काय न्हाय. चुलीपाशी जायाचा सोरला तिनं. बोलते, वासाबिगर कालवन कसा कराचा?" त्यांनी खिडकीकडे पाहिलं. "पयल्या दिवशी धूर घरान घुसला तवा बोलली, काय जलतंय का? येवराच. परत कवा न्हाय बोलली."

त्यांच्यामागे गोणी मांडून ठेवल्या होत्या. आंबा, जांभूळ, बाभूळ, करवंट्या. प्रत्येकीवर खडूने तारीख आणि पुढे फुली.

"आणि मटण?"

"मटनाचा काय! त्यो होल नायतर न्हाय होल. आज तं जालीवं बोंबील ठेवलेत."

तेवढ्यात खिडकीतून आवाज आला.

"अवो! बोंबील करपले ना!"

दादा घरात धावले. मी खिडकीशी थबकलो.

"काय बोललीस?"

"बोंबील करपले. कोन खानार आता?"

"परत बोल."

"येड लागलाय काय? करपले! सगल्या घरान वास सुटलाय!"

दादा चिमटा हातात धरून नुसते उभे. वहिनी उठल्या, पदर खोचला आणि ड्रममधली जाळी आणायला त्यांच्याआधी दाराकडे निघाल्या.

"सरका तिकरं," म्हणाल्या. "मी करते."