म्हसवडे मास्तरांचं रिटचिंग

म्हसवडे मास्तर जिवंत गिऱ्हाइकांना "मेल्यासारखं बसा" म्हणायचे आणि मेलेल्या माणसाशी मात्र अदबीनं बोलायचे. "जरा मान इकडे घेतो हं, राव. झालंच," असं ते एका प्रेताला म्हणाले, तेव्हा मी शेजारी उजेड परतवायचा पांढरा पुठ्ठा धरून उभी होते. माझ्या शिक्षणाचा तो दुसराच महिना होता.

लोणावळ्याच्या बाजारात चिक्कीच्या दुकानाला लागून त्यांचा फोटो स्टुडिओ होता. पुण्याच्या पुरानंतरची ती वर्षं. मी मॅट्रिक होऊन घरी बसले होते आणि मास्तरांना बाईमाणूस हवं होतं, कारण नवरीचा पदर नीट करायला त्यांनी हात पुढे केला की नवरीचा भाऊही पुढे यायचा. मुलीला फोटो काढणं, धुणं, रिटचिंग सगळं शिकवीन, असं त्यांनी माझ्या वडिलांना सांगितलं. शिकायला किती दिवस लागतात, असं वडिलांनी विचारलं. मास्तर थोडा वेळ खरंच विचार करत बसले आणि म्हणाले, "मलाच अजून पुरतं यायचंय."

पहिले कित्येक दिवस त्यांनी मला कॅमेऱ्याला हात लावू दिला नाही. स्टुडिओच्या दारात उभं करायचे आणि रस्त्यानं माणूस गेला की विचारायचे, आत्ता गेला त्याचा कुठला कान मोठा होता? मला कान आठवायचा नाही. कुणाची भुवई वर, कुणाचा जबडा कलता, हे बघत बघत मी अशी झाले की घरी जेवताना आईच्या तोंडाकडे टक लावून बसायची आणि आई वैतागून म्हणायची, काही लागलंय का माझ्या तोंडाला?

जिवंत माणसांवर मास्तरांचा राग होता. ती हलतात, हा त्यांचा गुन्हा. मुंबईहून हवा खायला आलेली नवी जोडपी यायची, एकमेकांकडे बघून हसायची, आणि काळ्या कापडाखालून मास्तरांचा आवाज यायचा, "हललात की गेलात." एका नवरदेवानं भिऊन श्वास इतका धरून ठेवला की तो खुर्चीवरून खाली आला. मास्तरांनी त्याला पाणी पाजलं, पण फोटो चांगला आला असता, ही हळहळ त्यांनी त्याच्या बायकोजवळ बोलून दाखवली.

पोलिसांचा शिपाई सायकलवरून आला की मात्र त्यांची चाल बदलायची. घाटातला रस्ता आणि रेल्वेची लाइन, दोन्हीवर माणसं मरायची, आणि पुष्कळांची ओळख पटायची नाही. अशांचे फोटो पोलिसांना लागत. मास्तर पिशवीत कॅमेऱ्याबरोबर कंगवा, पावडरचा डबा आणि एक धुतलेला सदरा घ्यायचे. प्रेताचं तोंड पुसायचे, भांग पाडायचे, सदरा गळ्याशी नीट बसवायचे. मी पहिल्या वेळी करवंदीच्या जाळीमागे जाऊन ओकले. पुठ्ठा स्वतःच्याच गुडघ्याला टेकवून मास्तरांनी काम उरकलं.

स्टुडिओत आल्यावर खरं काम सुरू व्हायचं. मोठा प्रिंट काढून, बारीक कुंचल्यानं ते मिटलेल्या डोळ्यांच्या जागी उघडे डोळे रंगवायचे, जखमा बुजवायचे, ओठ सरळ करायचे. मग त्याचा पुन्हा फोटो काढायचा. हेच रिटचिंग. असला एक फोटो बघून फौजदारसाहेब चिडले होते. म्हणाले, "मास्तर, हा मेलाय की सोयरिकीला आलाय?"

मास्तर म्हणाले, "साहेब, मेलेलं तोंड सख्खी आईसुद्धा ओळखत नाही. जिवंत करून दिला तर कुणीतरी ओळखील."

पोलिसांना हवे तसे फोटो ते निराळे द्यायचे. रंगवलेले आपल्या दर्शनी काचेत लावायचे, नवरा-नवरींच्या मधोमध, खाली काही न लिहिता. जाणाऱ्या-येणाऱ्यानं बघावं आणि ओळखावं, एवढाच हेतू. ज्यांना ठाऊक होतं ते लग्नाचे फोटो काढायला दुसरीकडे जाऊ लागले. ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांच्यातल्या एक बाई एकदा आत आल्या आणि काचेतल्या एका तरुणाकडे बोट दाखवून म्हणाल्या, मुलगा कुठला हो? आमच्या भाचीसाठी बघतोय. मास्तर शांतपणे म्हणाले, "चौकशी चालू आहे."

हौसाबाई आली ती उन्हाळ्यात. नाणे मावळात वर डोंगरात तिची वाडी. नवरा रस्त्याच्या कामाला म्हणून लोणावळ्याकडे आला होता, तो दिवाळीपासून परत गेला नव्हता. वाडीतली एक बाई बाजारात मोळी विकायला आली, तिनं काचेतला फोटो बघितला आणि वर जाऊन सांगितलं. हौसाबाई पहाटे निघून, पायी आणि पुढे एसटीनं आली होती. दुकान उघडायला मी गेले तर ती काचेसमोर उभी, एकदा डावीकडून बघतेय, एकदा उजवीकडून.

तो माणूस मला आठवत होता. त्याला ट्रकनं उडवलं होतं. चेहऱ्याची डावी बाजू राहिलीच नव्हती. मास्तरांनी उजवी बाजू बघून डावी तशीच बेतली होती.

मास्तर आले. कोण, कुठली, असं काही न विचारता त्यांनी फक्त विचारलं, तोच आहे का?

"ह्या बाजूनं आमचाच हाय, आबा," ती म्हणाली. "त्या बाजूनं कुनी दुसराच हाय."

मास्तरांनी तिला आत घेतलं. खुर्चीवर बसायला ती तयार होईना, म्हणून तेच तिच्यासमोर सतरंजीवर बसले. मला नवा प्रिंट काढायला लावला, डावी बाजू कोरी ठेवून. मग मांडीवर फळी घेऊन, कुंचला ओला करून म्हणाले, "सांगा."

आधी तिला सांगता येईना. नवऱ्याचं तोंड कसं होतं हे कुणी शब्दांत सांगतं का? मास्तर वाट बघत राहिले. गिऱ्हाइकाला एक शब्द बोलू न देणारा हा माणूस त्या दिवशी नुसता ऐकत होता. हळूहळू ती सांगू लागली. भुवई तुटकी होती, लहानपणी बैलाचं शिंग लागलं होतं. गाल आत गेला होता, कारण त्या बाजूच्या दाढा काढल्या होत्या. दुखायच्या तेव्हा रात्रभर अंगणात फेऱ्या घालायचा आणि तिलाही झोपू द्यायचा नाही. डोळा जरा बारीक. हसला की आणखी बारीक. पण हसायचा थोडा. दारू प्यायल्यावर हसायचा, आणि मग मारायचा. हेही तिनं त्याच आवाजात सांगितलं. मास्तरांचा हात थांबला नाही. मध्येच ती वाकून बघायची आणि बोट ठेवायची, "हितं न्हाई, जरा खाली." मास्तर पुसायचे आणि पुन्हा काढायचे. बाहेर एका जोडप्यानं दार वाजवलं, मी आतून कडी घातली.

दुपार उलटून गेली. मास्तरांनी ओठाचा कोपरा किंचित खाली ओढला आणि फळी तिच्यापुढे धरली. खांद्यावर घसरलेला पदर हौसाबाईनं डोक्यावरून कपाळापर्यंत पुढे ओढून घेतला, घरी धनी आल्यावर घेतात तसा. मला कळलं, आणि मास्तरांनाही.

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "कुटं ठिवलंय त्याला?"

बेवारस माणसांना नगरपालिकेचे लोक गावाबाहेर ओढ्याच्या कडेला पुरत. मी तिथं कधी गेले नव्हते. आम्ही तिघं निघालो, तर मास्तरांनी वाट कुणाला विचारली नाही. उंचवटे सगळे सारखे, वर गवत वाळलेलं. पण ते सरळ एकापाशी जाऊन थांबले आणि वहाणा काढल्या. हौसाबाई खाली बसली. गवत उपटून तिनं तेवढी जागा साफ केली. रडली, पण आवाज न करता.

मातीवर हात तसाच ठेवून तिनं विचारलं, "पुरला तवा कोन हुतं, आबा?"

"मी होतो."

"आनि?"

"नगरपालिकेची दोन माणसं. मी सगळ्यांच्या वेळी येतो."

हे मलाही नवीन होतं. दुपारी कधीकधी स्टुडिओ माझ्यावर सोपवून ते जायचे, ते मी जेवायला जात असतील असं धरून चालले होते.

परत येताना ती दोघं पुढे आणि मी मागे. तुमच्या मालकिणीचा लय मोठा फोटो आसंल घरात, असं ती त्यांना म्हणाली. फोटो काढनं तुमच्या हातातच हाय म्हनल्यावर. मास्तर म्हणाले की नाही, काढलाच नाही. लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं, स्टुडिओ नवा होता, ती रोज म्हणायची आणि ते रोज उद्या म्हणायचे. विषमज्वरानं आठवड्यात गेली.

"बरीच वर्षं चेहरा डोळ्यांपुढे होता," ते म्हणाले. "मग एकदा कागदावर काढायला बसलो, तर येईना."

"म्हायेरचं कोन न्हाई? सांगनारं?"

"कुणी उरलं नाही."

मी पाठीमागे पावलं हळू टाकू लागले, ऐकू आलंय हे त्यांना कळू नये म्हणून.

कामशेतकडे जाणारी एसटी उभी होती. हौसाबाईनं फोटो पदराखाली छातीशी धरला आणि पायरीवर चढली. चढून थांबली, मागे वळली आणि मास्तरांच्या तोंडाकडे निरखून बघू लागली. कंडक्टर ओरडला तरी ती दारातून हलेना.

"तुमी ध्यानात ऱ्हाशीला," ती म्हणाली. "कुनी कवा इचारत आलं, तर मी सांगीन तुमी कसं हुता."

मास्तरांनी टोपी काढली. चष्माही काढून हातात घेतला. आणि उन्हाकडे तोंड करून तिच्यासमोर उभे राहिले.