एका खात्यावर तारी व बिनतारी फौजांची चढाई

सकल वाचकांनी हातातील मोबाइल क्षणभर पालथा ठेवोन सावधान व्हावे. प्रयोगशाळेतून निवृत्त, शंकानिधी, पुरावाप्रिय, राजमान्य राजश्री सासरेबुवा यांनी ब्रॉडबँडचा मुलूख कैसा काबीज केला, ती हकिकत जैसी घडली तैसी लिहिली आहे. पदरचे काही घातले नाही, घालण्याची गरजही पडली नाही.

ते दिवशी तिसरे प्रहरी चार वाजता सूनबाईंच्या पीएच.डी.ची तोंडी परीक्षा पडद्यावरोन मुक्रर जाहली होती. पाच वर्षांची मेहनत पणास लागली होती, आणि परीक्षक ऐसे मातब्बर की चुकलेली तारीख पुन्हा सहा महिन्यांनी देणार. ऐशा समयी कंपनीने नवा राउटर धाडिला आणि जोडणी स्वहस्ते करणे म्हणोन एकपानी खलिता सोबत दिला. मग सासरेबुवांनी बैठकीत मोडेमची तार संगणकास लावोन तारी मोर्चा उभा केला, आणि सूनबाईंनी आतल्या खोलीतून राउटरास हुकूम देवोन बिनतारी मोर्चा उभा केला, आणि दोघांनी तेच खाते, तोच पासवर्ड घालोन परस्परांस न कळविता डायल केले, म्हणजे कंपनीकडे जोडणी मागितली. कारण उभयतांस एकमेकांच्या अकलेविषयी पुरती खात्री होती.

सासरेबुवांचा नेम ऐसा, की लागोपाठ तीनदा घडल्याविना काही घडले ऐसे मानू नये. सबब जोडणी लागली की स्वहस्ते तोडावी, वहीत नोंदावी आणि फिरोन डायल करावे. मग इकडे लागे तो आत तुटे, आणि आत लागे तो इकडे तुटे.

"बाबा, तुम्ही काही केलंत का?"

"छे, मी नुसतं निरीक्षण करतोय!" ऐसा जबाब गेला, ते समयी त्यांचे बोट डायलच्या बटणावर होते.

साडेतीन जाहले. सासरेबुवांनी भिंतीची जाडी मोजिली, पंख्यावर संशय धरिला, आणि शेजाऱ्यांच्या मायक्रोवेव्हवर आरोपपत्र लिहावयास घेतले. इतक्यात सूनबाईंचा स्वर रडवेला जाहला, आणि सासरेबुवांची पेन्सिल थांबली.

मग मधल्या दारात कपड्यांच्या घड्या घालीत बसलेल्या सासूबाई वदल्या, "अहो, तुम्ही 'लागलं' म्हणालात की ती 'गेलं' म्हणते. सहा वेळा ऐकलं मी. एका खुर्चीवर दोघं बसायला बघताय, दुसरं काय!"

सहा वेळा! सासरेबुवांच्या वहीत इकडचे 'लागलं' होते, आतले 'गेलं' एकदाही नव्हते. त्यांनी खलिता उलटोन पाहिला, तो पाठीवर बारीक अक्षरी लिहिले होते की एका खात्यावर एके समयी एकच जोडणी चालेल.

मग तह जाहला. डायल एकट्या राउटराने करावे, आणि तारी व बिनतारी दोहींनी त्याच्या पदरी चाकरी करावी. तीन बावन्नास जोडणी लागली. सासरेबुवा खात्रीकरिता ती तोडावयास सरसावले, तो सासूबाईंचे फर्मान सुटले, "हात मांडीवर!"

सव्वापाच वाजता सूनबाई डॉक्टर होवोन बाहेर आल्या. येणेप्रमाणे फत्ते जाहली, आणि सासरेबुवांनी त्रेऐंशी मिनिटे कशासही हात लाविला नाही, हा पराक्रम येथे मुद्दाम नमूद केला आहे. वहीतील अखेरची नोंद त्यांच्याच हस्ताक्षरी आहे: प्रयोग एकदाच केला. पुन्हा करणे नाही.