ती जुनीच, पैसे मात्र पूर्ण!

"पूर्ण किमतीला रीमेक? मी? हा हात कोपरापासून गळून पडला तरी खिशात जाणार नाही!"

अशी घोषणा ग्रॅमरावांनी शुक्रवारी सकाळी सव्वादहाला, वजनमाप कार्यालयाच्या तपासणी विभागात, चहाचा कप उंच धरून, सगळ्यांच्या देखत केली. (हात संध्याकाळपर्यंत शाबूत राहिला. खिशाचं काय झालं, ते येईलच.)

ग्रॅमराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. एका दुकानदाराचा काटा त्यांनी दोन ग्रॅमसाठी नापास केला, दुरुस्त होऊन आला तेव्हा एका ग्रॅमसाठी पुन्हा नापास केला, तेव्हापासून हे नाव चिकटलं. खरं नाव फक्त पगारपत्रकाला ठाऊक होतं, आणि तिथेही त्याच्यापुढे 'हंगामी' असा शब्द होता. सहा वर्षं हंगामी! एवढा लांब हंगाम आंब्यालासुद्धा मिळत नाही! आज मात्र त्यांना कायम करण्याची फाइल मोठ्या मॅडमच्या टेबलावर होती. पाचच्या आत सही झाली तर 'वरिष्ठ तपासनीस, कायम'. नाही झाली तर आणखी एक वर्ष हंगाम.

मोठ्या मॅडम म्हणजे कार्यालयाच्या प्रमुख. चार महिन्यांपूर्वी त्या निवृत्त झाल्या होत्या. भाषणं झाली, भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं, शिक्के मारणारा शिक्केवाला तर हुंदके देऊन रडला. त्यांच्या जागी आलेले साहेब तीन महिन्यांत पळाले. मग वरिष्ठ कार्यालयानं मॅडमनाच परत बोलावलं. खुर्ची तीच, पगार तोच. मॅडम आल्या त्या केस काळे करून, नवा चष्मा लावून. "मग घड्याळ परत मागायचं का?" एवढंच शिक्केवाल्यानं विचारलं होतं.

तर घोषणेचा विषय होता 'सातवं तळघर' ही व्हिडिओ गेम. वीस वर्षांपूर्वीची. हातात कंदील घेतलेली एक बाई जिने उतरत जाते आणि दारं उघडते, संपलं! ग्रॅमराव आणि त्यांचा धाकटा भाऊ यांनी एकाच खुर्चीवर अर्धे-अर्धे बसून तीन उन्हाळे ती खेळली होती. आता कंपनीनं तिचा रीमेक काढला होता, आणि त्याची झलक ग्रॅमरावांनी फोनवर दहादा पाहिली होती. किंमत मात्र कोऱ्या करकरीत गेमची.

इथे एक घरगुती भानगड सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं फुकट जाईल. ग्रॅमरावांच्या घरी गेम 'ती' होती. आई ओरडायची, "बंद करा ती गेम!" त्यांच्या बायकोच्या माहेरी गेम 'तो' होता. लग्नाला नऊ वर्षं झाली तरी तडजोड नाही. "तो!" "ती!" "तो!" "ती!" शेजारच्या काकू कितीतरी दिवस समजत होत्या की या घरात कुणाचं तरी बाहेर काहीतरी चाललंय.

"पूर्ण पैसे, तर पूर्ण माप!" ग्रॅमराव कपातला चहा हिंदकळवत म्हणाले. "उद्या कुणी जुनं वजन पॉलिश करून नवं म्हणून विकलं, तर आपण दंड करतो की नाही?"

"पण पॉलिश छान असतं हो," शिक्केवाला म्हणाला.

"मग पॉलिशचे पैसे घ्या! लोखंडाचे एकदा दिलेत ना मी?"

"तुम्ही लग्नाचा जुना फोटो रंगवून आणलात," टायपिंगच्या ताई म्हणाल्या, "त्याचे बरे पूर्ण पैसे दिलेत!"

"ते वेगळं!"

"कसं वेगळं?"

"त्यात माझे केस वाढवून मिळाले!"

दुपारी पावणेचारला ग्रॅमराव काचेच्या खोलीत शिरले. काचेची खोली म्हणजे नाजूक तराजूची खोली. तिथे वारा नको, पावलं नकोत, शिंकसुद्धा नको. म्हणून तिथून मॅडमच्या केबिनला एक इंटरकॉम होता. बटण दाबून बोलायचं, जागेवरून उठायचं नाही. ग्रॅमरावांनी पेटीतून पाच किलोचं पितळी प्रमाण वजन काढलं, अलगद टेबलावर ठेवलं, आणि भावाचा फोन आला म्हणून तो घेतला.

वजन बरोबर पाच किलोचं होतं. टेबलावर मात्र ते नव्हतं. इंटरकॉमच्या बटणावर होतं.

"नाही रे, अजिबात नाही!" ग्रॅमराव फोनवर सुरू झाले. "अरे, ती जुनीच आहे! फक्त चेहरा घासूनपुसून उजळलाय. केस तेवढे आता हलतात. चाल तीच! पूर्वी जिथे अडकायची तिथेच अजून अडकते! आणि पैसे मात्र पूर्ण! कशाला परत आणली म्हणतो मी! गेली होती, सुखानं राहू द्यायची!"

"दादा, पण जुनी आता चालतच नाही ना," भाऊ म्हणत होता. ते मात्र केबिनमध्ये ऐकू गेलं नाही. "मशीनच बंद पडलंय. मग खेळायचं कशावर? आणि तू सोबत असशील तर..."

"निम्म्या पैशात असती तर विचार केला असता!" एवढं बजावून ग्रॅमरावांनी फोन ठेवला. दोनच मिनिटांत शिपाई दारात हजर.

"मॅडमनी बोलावलंय. वरिष्ठ कार्यालयातले दोघं आलेत."

ग्रॅमरावांना ते दोघं माहीत होते. म्हणजे, माहीत आहेत असं त्यांना वाटत होतं. पंधरा दिवस फलकावर नोटीस होती: कर्मचाऱ्यांच्या करमणूक कक्षासाठी काय घ्यावं, सूचना द्या, वरिष्ठ कार्यालयातून पाहणी होईल. करमणूक कक्षात सध्या एक बुद्धिबळाचा पट होता, त्यातला एक घोडा हरवला होता आणि त्याच्या जागी खोडरबर चालत होतं.

केबिनमध्ये एक टकले आणि एक दाढीवाले बसले होते. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या.

"तुमचं बोलणं आम्ही इंटरकॉमवर ऐकलं," टकले म्हणाले.

ग्रॅमरावांनी हातातला फोन घाईघाईनं खिशात कोंबला. कामाच्या वेळात घरचा फोन!

"घाबरू नका. आमच्यापुढेही तोच प्रश्न आहे. ती जुनी आहे, पैसे पूर्ण द्यायचे का? तुम्ही अगदी मोकळेपणानं बोला."

असं आहे होय! करमणूक कक्षाला गेम घेतायत! आणि सल्ला कुणाला विचारतायत, तर ग्रॅमरावांना! त्यांची छाती दोन इंच फुगली.

"साहेब, स्पष्ट सांगतो. पहिल्यांदा आली तेव्हा काय दरारा होता तिचा! रात्री झोप लागायची नाही आम्हाला! आता बघितलं की हसू येतं."

खिडकीजवळून कसलासा आवाज आला. पेन्सिल मोडल्यासारखा.

"मग काय करायला हवं होतं?" दाढीवाल्यांनी विचारलं.

"आणायचीच नव्हती! लोकांच्या मनात चांगली आठवण होती, तीही खराब केली. हां, निम्म्या पैशात असेल तर ठीक. वेळ जातो."

"तुम्ही तिला बराच काळ ओळखता?"

"आतून-बाहेरून, साहेब! कुठे कुठे लपते, सगळं ठाऊक आहे!"

मॅडम वळल्या. त्यांचा चेहरा वजनाच्या पेटीसारखा बंद होता. "हे लेखी द्याल?" त्यांनी हळूच विचारलं.

लेखी! ग्रॅमरावांना लेखी द्यायला सांगणं म्हणजे माशाला पोहायला सांगणं! त्यांनी तिथेच तपासणीचा छापील फॉर्म ओढला.

*तपासणी अहवाल*
*वस्तू:* ती.
*स्थिती:* जुनी. बाहेरून नवं पॉलिश.
*केस:* हलतात.
*चाल:* पूर्वीचीच. ठरावीक जागी अडकते.
*आवाज:* बदलला आहे. पूर्वीची भीती उरलेली नाही.
*निष्कर्ष:* पूर्ण किमतीस अपात्र. निम्म्या किमतीत विचार व्हावा.

खाली सही, झोकदार! मग विभागात परत येऊन शिक्का. शिक्केवाल्यानं सवयीनं न वाचता शिक्का मारला, शिपाई मूळ प्रत घेऊन केबिनकडे गेला, आणि कार्यालयीन प्रत फाइलला लावता लावता शिक्केवाल्यानं ती पहिल्यांदा वाचली.

त्याच्या हातातून शिक्का पडला.

"अहो, मॅडमबद्दल असलं लिहून दिलंत? आणि शिक्का माझा?"

"मॅडमबद्दल? वेडा की काय तू? ही गेम आहे! करमणूक कक्षाला..."

"कसला करमणूक कक्ष! ते दोघं मॅडमची मुदत वाढवायची का ते बघायला आलेत! पूर्ण पगारावर ठेवायच्या का नाही!"

ग्रॅमरावांनी अहवाल पुन्हा वाचला. केस. चाल. आवाज. एकेक ओळ मॅडमच्या मापानं शिवल्यासारखी बसत होती. सहा वर्षांत त्यांनी एवढा अचूक अहवाल लिहिला नव्हता!

ते धावले.

(यापुढचा प्रसंग तुम्ही आधी वाचलेला आहे: तीच केबिन, टकले, दाढीवाले, मॅडम आणि ग्रॅमराव. तरी तो पुन्हा देतोय, आणि पूर्ण किमतीत देतोय. नव्या आवृत्तीत सुधारणा एवढीच की ग्रॅमरावांच्या कपाळावरचा घाम आता थेंब न् थेंब वेगळा दिसतो आणि गुडघे खरोखर हलतात.)

"मॅडम! ती म्हणजे तुम्ही नाही! ती म्हणजे गेम!"

"गेम?" मॅडम म्हणाल्या. "गेम 'तो' असतो."

"आमच्याकडे 'ती' असते, मॅडम!"

"आमच्याकडेही 'तो'च," टकले म्हणाले.

"आमच्याकडे 'ती'," दाढीवाले पुटपुटले, आणि टकल्यांनी पाहिल्यावर दाढी कुरवाळू लागले.

"आणि समजा, माणसाबद्दल बोलत असतात," मॅडम म्हणाल्या, "तर निदान 'त्या' तरी म्हणायचं होतं. एकतीस वर्षं नोकरी केली मी. 'ती' काय, 'ती'! मी काय तुमची धाकटी बहीण आहे?"

"भावाला विचारा! लगेच विचारा! त्याच्याशीच बोलत होतो!" ग्रॅमरावांनी फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"दादा!" भावाचा आनंदी आवाज केबिनभर घुमला. "मन बदललं ना? मला माहीत होतं! आण तिला घरी! फक्त वहिनीला कळू देऊ नकोस!"

टकल्यांनी अहवालावरच्या 'ती'खाली एक जाड रेघ मारली.

"साडेचार वाजलेत," मॅडम भिंतीवरचं घड्याळ बघून म्हणाल्या. "तुमची फाइल इथेच आहे. अशी खरंच काही वस्तू असेल, तर पाचच्या आत या टेबलावर दिसू दे."

रस्त्यापलीकडे दुकान होतं. तिथवर पोहोचेपर्यंत ग्रॅमरावांनी दोन सायकली, एक ढकलगाडी आणि स्वतःची सगळी तत्त्वं ओलांडली.

"'सातवं तळघर'! लवकर!"

"साधी आवृत्ती संपली," दुकानदार म्हणाला. "संग्राहक आवृत्ती आहे. आत खराखुरा छोटा कंदील मिळतो. किंमत थोडी जास्त."

"पूर्ण किमतीपेक्षा जास्त?"

"कंदील पेटतो ना पण!" दुकानदारानं त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "तुम्हीच ना ते? माझ्या भावाचा काटा दोनदा नापास केलेले?"

"हो."

"मग सवलत नाही."

पाचला सात मिनिटं कमी असताना खोका टेबलावर आदळला. टकल्यांनी तो उलटा करून मागचा मजकूर मोठ्यानं वाचला: "'तीच जुनी कहाणी! तेच जिने! चेहरा अधिक उजळ! केस आता वाऱ्यावर हलतात!'"

दाढीवाल्यांना ठसका लागला. मॅडमनी कंदील बाहेर काढून त्याची कळ दाबली. त्यांच्या नव्या चष्म्यात दोन इवल्याशा पिवळ्या ज्योती उमटल्या.

"अहवाल गेमचा आहे, हे मान्य," टकले शेवटी म्हणाले. "पण मुद्दे..." त्यांनी मॅडमकडे पाहिलं, मग छताकडे. "मुद्दे विचार करण्यासारखे आहेत."

आणि ग्रॅमरावांच्या देखत मॅडमची मुदत वाढली. निम्म्या पगारावर! संदर्भ: सोबतचा तपासणी अहवाल.

मॅडमनी ग्रॅमरावांची फाइल ओढली, सही केली आणि शेरा लिहायला चांगली दोन मिनिटं घेतली. "अभिनंदन," त्या म्हणाल्या. "खोका राहू द्या. पुरावा म्हणून फाइलला जोडावा लागेल."

ग्रॅमरावांनी बाहेरच्या बाकावर बसून आदेश वाचला. वरिष्ठ तपासनीस. कायम! त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग शेरा वाचला, आणि ते पाणी आल्या वाटेनं परत गेलं.

*शेरा: माणूस तोच आहे. हुद्द्याचं तेवढं पॉलिश नवं. वाढीव वेतनास अपात्र. पूर्वीच्याच पगारावर ठेवावा.*

खाली शिक्का. तोही शिक्केवाल्यानं न वाचताच मारला होता.

रविवारी दुपारी ग्रॅमराव घरी आडवे झाले होते. फोन त्यांच्या बायकोजवळ वाजला, तिनंच उचलून स्पीकर लावला. पलीकडून बाईचा आवाज आला, घाईतला आणि रडवेला.

"ग्रॅमराव, ती अडकली हो! चौथ्या जिन्यावर! सकाळपासून काही केल्या हलत नाही! तुम्ही तिला आतून-बाहेरून ओळखता ना? या ना लवकर!"

बायकोनं फोन सावकाश खाली ठेवला. "कोण ती?"

मॅडमनी 'ती' म्हटलं होतं! नऊ वर्षांच्या लढाईत पहिल्यांदाच कुणी वरिष्ठ ग्रॅमरावांच्या बाजूनं उभं राहिलं होतं! त्यांनी बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग तिच्या हातातल्या लाटण्याकडे.

"ती नाही गं," ते म्हणाले. "तो! तो गेम! पहिल्यापासून तोच आहे!"