देवाजीभाऊंचे पाहुणे

सानगडीत भर उन्हात एखादा माणूस स्वतः घामाघूम होत आणि छत्री मात्र हातातल्या बाटलीवर धरून चाललेला दिसला, तर खुशाल समजावं की आमचे शेजारी देवाजीभाऊ बोडीकडे, म्हणजे आपल्या मासोळ्यांच्या तळ्याकडे, निघाले आहेत. वाटेत कोणी हटकलं तर थांबायचे नाहीत. चालता चालताच ओरडायचे, "मंग बोलू! पाहुण्याइले ऊन लागून राह्यलं!"

पाहुणे म्हणजे त्या बाटलीतले विषाणू. झालं असं, की भाऊंच्या बोडीतल्या रोहू-कटल्यांच्या अंगावर लाल चट्टे उठले आणि मासोळ्या पोट फुगून तरंगायला लागल्या. भाऊंची एकुलती एक मुलगी कविता दूर कोचीला मासोळ्यांच्या रोगांच्या प्रयोगशाळेत असते. तिनं बोडीचं पाणी मागवलं, रोगाचा जिवाणू शोधला आणि नेमका त्यालाच खाणारा विषाणू वाढवून बर्फाच्या डब्यातून पाठवून दिला. बोडी वाचते की रिकामी होते, हे आता या न दिसणाऱ्या मंडळींच्या हाती होतं.

गावात बोंब झालीच. किराणावाल्यानं विचारलं, "भाऊ, बोडीत विषाणू सोडून राह्यले म्हन्ते? आमाले काही झालं मंग?"

"तुले थो हुंगत बी नाही," भाऊ म्हणाले. "त्याले एकाच जातीचा जिवाणू लागते. दुसरं काही समोर ठेवलं तरी उपाशी मरन, पण तोंड नाही लावनार. लय नखऱ्याचा हाये!"

एकदा माझ्याकडे जेवायला आले आणि वरणभात कालवता कालवता सुरू झाले. "जिवाणूच्या घरात घुसते. आतच पोरंसोरं करते. अन् फट्टकन घर फोडून समदे बाहेर!" त्या 'फट्टकन'बरोबर वरणाची वाटी आमच्या नव्या चादरीवर गेली. माझी बायको तेव्हापासून पाहुण्यांचं नाव काढू देत नाही.

खरं सांगायचं तर मला या साऱ्याचा आनंदच होता. वहिनी गेल्यापासून भाऊ घरात एकटेच. कविताचा फोन पूर्वी सणावारी यायचा, तोही घाईचा. आता रोज संध्याकाळी यायचा. किती मेल्या, चट्टे वाळले का, चारा खातात का, सगळं ती विचारायची आणि भाऊ रंगवून रंगवून सांगायचे.

मग भाऊंचा साळा आला. बोडीचं पाणी पाहून त्याला कळवळा आला, आणि कोणाला न विचारता त्यानं आपल्या नेहमीच्या सवयीनं पाण्यातले जंतू मारायची लाल दवा ओतली. झालं, सगळे विषाणू खलास! भाऊंनी ओसरीवर बसून हंबरडा फोडला, "माहे पाहुणे गेले रे!" गल्लीतल्या बाया पदर डोक्यावर घेऊन भेटायला आल्या. नेमकं कोण गेलं, हे विचारायचं धाडस कोणालाच होईना. साळा बिचारा सगळ्यांना चहा देत फिरला.

पाणी निवळल्यावर कवितानं दुसरा डबा पाठवला. हळूहळू मरतूक थांबली. चट्टे वाळले. चारा टाकला की पाण्यात नुसती दंगल उसळायची. गावानं सुटकेचा निःश्वास सोडला, पण भाऊ मात्र दिवसेंदिवस उतरत चालले.

परवा संध्याकाळी मी बोडीवर होतो तेव्हा कविताचा व्हिडिओ कॉल आला. "आजून एक-दोन सुस्त हायेत, माय," भाऊ कण्हत म्हणाले. "रोग काही जाऊन नाही राह्यला." आणि त्याच क्षणी त्यांच्या पाठीमागे एका कटल्यानं अशी उडी मारली की पाणी फोनवर उडालं!

तिकडे कविता खळखळून हसली. "बाबा, दिसून राह्यलं मले. झाल्या मासोळ्या बऱ्या."

भाऊ खाली मान घालून म्हणाले, "हो. आता तू फोन कायले करशीन?"

तिचं हसू थांबलं. मला तिथं उभं राहणं जड झालं. मग ती म्हणाली, "मासोळ्याइचं राहू द्या. तुम्ही आज काय जेवले, ते सांगा."

भाऊंनी बाहीनं डोळे पुसले आणि बांधावर नीट मांडी घालून बसले.

"थांब," ते म्हणाले, "सकाळपासून सांगतो."